लोखंडाचं नवं कातडं

समुद्राशी वैयक्तिक वैर असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. इतर लोक किनाऱ्यावर जाऊन सूर्यास्त पाहतात, शेंगा खातात, छाती फुगवून हवा आत घेतात. आमच्या व्याह्यांना कोणी ओढून किनाऱ्यावर नेलंच, तर ते खिशातून पांढरा रुमाल काढतात, थोडा वेळ वाऱ्यावर धरतात आणि त्याचं टोक जिभेला लावून बघतात. मग एखाद्या डॉक्टरनं रोग्याच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणतात, "आज जास्त आहे." जास्त आहे ते मीठ. पश्चिमेकडून येणारा खारा वारा वसईतलं सगळं लोखंड रात्रंदिवस कुरतडतो आहे, आणि लोक मात्र कविता करतात, ही त्यांची मुख्य तक्रार. 'गंज' हा शब्द ते उच्चारत नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे ते गंजाला नुसतं 'तो' म्हणतात. "तुमच्या गेटवर तो आलाय," असं त्यांनी पहिल्या भेटीत माझ्या बायकोला सांगितलं, तेव्हा ती पदर सावरून आणखी एक कप चहा टाकायला आत गेली होती.

ती पहिली भेट म्हणजे आमच्या मुलीचं ठरवण्याची भेट. ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलामुलीनं सगळं परस्पर ठरवलं होतं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी गंभीर चेहऱ्यानं पोहे खाणं एवढाच कार्यक्रम बाकी होता. बोळिंजला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी निवृत्त ग्रंथपाल असल्यामुळे दर्शनी खोलीत पुस्तकांची कपाटं आहेत, आणि येणारा पाहुणा त्यांच्याकडे बघून काहीतरी भारदस्त बोलतो, असा माझा अनुभव. व्याह्यांनी कपाटांकडे पाहिलं नाही. ते थेट गॅलरीत गेले आणि पोहे थंड होईपर्यंत ग्रीलपाशी उभे राहिले. खिशातून बारीक भिंग काढून त्यांनी एकेक सांधा तपासला, नखानं टोकरला, बोट नाकाशी नेलं. मला वाटलं, हे आमची ऐपत जोखत आहेत. मी मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली. परत येऊन बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. ग्रील बदलू नका. घासून घ्या, अजून जीव आहे त्यात." पुढच्या रविवारी ते स्वतः काचपेपर घेऊन हजर झाले आणि संध्याकाळपर्यंत ग्रील घासत बसले. सोसायटीच्या वॉचमननं वहीत त्यांच्या नावापुढे 'पेंटर' असं लिहिलं. ते वाचून व्याही खूश झाले. म्हणाले, "माणसानं निदान अंदाज तरी बांधला. नाहीतर लोक 'पाहुणे' लिहून मोकळे होतात."

त्यांचा धंदा त्यांच्या वैराला साजेसाच आहे. गोखिवऱ्याला त्यांचा एक गाळा आहे. बाहेरून तो शेजारच्या गाळ्यांसारखाच दिसतो. शेजारी एकीकडे प्लास्टिकच्या बादल्या होतात, दुसरीकडे पुठ्ठ्याची खोकी. मधल्या ह्या गाळ्यात झिजलेलं पोलाद येतं आणि नवं कातडं चढवून परत जातं. पंपांचे दांडे, यंत्रांचे लांबलचक स्क्रू, आणि मला ज्यांची नावं कधीच लक्षात राहत नाहीत असे अनेक गोल, जड, उदास तुकडे. ह्या कामाला लेसर लागतो. लेसर म्हटलं की मला लग्नाच्या हॉलमध्ये छतावर फिरणारे हिरवे किरण आठवत, आणि त्यामुळे ह्या विषयाबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. व्याह्यांनी मला काळ्या काचेमागे उभं केलं आणि आत पाहायला सांगितलं. एक जाडजूड दांडा सावकाश स्वतःभोवती फिरत होता. वरून एक तोटी खाली आलेली. तिच्या टोकाशी डोळ्यांत न मावणाऱ्या उजेडाचं एक टिंब, आणि त्या टिंबात धातूची बारीक पूड फवारली जात होती. दांडा फिरेल तसा त्याच्यावर चकचकीत पट्टा चढत होता, रिळावर दोरा गुंडाळावा तसा एकाला लागून एक. आवाज जवळजवळ नाही. मी आजवर पाहिलेल्या कारखान्यांत सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात कमी बोलणं तिथे चाललं होतं. आमच्या ग्रंथालयालाही हे कधी जमलं नाही.

"पॉलिश असतं ना, ते वर बसतं," व्याही माझ्या कानाशी म्हणाले. "आज बसलं, उद्या उठलं. हे तसं नाही. खालचं पोलाद किंचित वितळतं, वरची पूड सगळी वितळते, आणि दोघं एकमेकांना धरतात. खालचं जास्त वितळलं तर वरच्याचा गुण जातो. कमी वितळलं तर सालपट निघतं. किंचितच वितळलं पाहिजे." इथे त्यांनी थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं. "लग्नाचंही तेच." आपल्या धंद्यातून जगाचं तत्त्वज्ञान काढणाऱ्या माणसांना मी फार भितो. न्हाव्यापासून बँक मॅनेजरपर्यंत अनेकांनी मला त्यांच्या खुर्चीवरून जीवनाचं सार सांगितलेलं आहे. पण व्याह्यांनी ते एक वाक्य बोलून विषय संपवला आणि ते गॅसचं सिलिंडर वाकडं ठेवणाऱ्या टेम्पोवाल्याशी भांडायला गेले. तेव्हापासून माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

आलेला प्रत्येक तुकडा ते आधी मांडीवर घेतात. हो, मांडीवर. जड असेल तर टेबलावर ठेवून स्वतः स्टुलावर बसतात, पण नजर मांडीवर घेतल्याचीच. मग त्याच्याशी आमच्या गावाकडच्या घरबोलीत बोलतात. माणसांशी ते शुद्ध मराठी बोलतात, गिऱ्हाइकांशी हिंदी, बँकेशी इंग्रजी. आईकडून आलेली बोली मात्र त्यांनी झिजलेल्या पोलादासाठी राखून ठेवली आहे. तुकड्यावरची झीज बघून ते मालकाचा स्वभाव सांगतात. "ह्याच्या मालकानं ग्रीसमध्ये काटकसर केली." "हा मालक रागीट आहे, मशीन धडाधड बंद करतो." एकदा एका गिऱ्हाइकाला त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही आवाज ऐकलात, पण दिवाळीपर्यंत ढकललंत. खरं की नाही?" तो बिचारा आपल्या बायकोनं फोन केला असावा अशा संशयानं इकडेतिकडे बघू लागला. "नवाच घेतो मग," तो ओशाळून म्हणाला. ह्यावर व्याही जे म्हणाले ते त्यांच्या गाळ्याचं, घराचं आणि एकूण आयुष्याचं धोरण आहे: "बदलायचं नाही, भरायचं. आतला दांडा चांगला आहे, झिजलंय ते कातडं. कातड्यासाठी माणूस टाकून देतात काय?"

हे धोरण ते सगळीकडे लावतात. त्यांची चप्पल तिसऱ्या तळव्यावर आहे. चष्म्याची फ्रेम त्यांनी स्वतः जोडली आहे आणि ती आता मूळ फ्रेमपेक्षा वजनदार झाल्यामुळे त्यांचं नाक किंचित डावीकडे कललं आहे. उद्योजकांच्या एका मंडळानं मध्यंतरी त्यांना 'धातुभूषण' केलं. मी असल्या समारंभांना जात नाही, कारण तिथे शाल घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचेच फोटो जास्त निघतात. पण व्याही म्हणून जावं लागलं. प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणात पोलादाची उपमा प्रथम व्याह्यांना, मग मंडळाच्या अध्यक्षांना आणि शेवटी स्वतःला दिली. मग सोनेरी ढाल हातात आली. व्याह्यांनी ती उलटी केली, उजेडात धरली आणि सवयीनं कोपऱ्यावर नख चालवलं. सोनेरी सालपट वर आलं. समोर माइक होताच. "ह्याला तळाशी पकड नाही," ते शांतपणे म्हणाले. प्रमुख पाहुण्यांनी आभार मानले जात आहेत असं समजून हात जोडले. पुढे व्याह्यांनी ती ढाल गाळ्यात नेली, सगळं सोनेरी खरवडून काढलं आणि तिच्यावर नेहमीच्या कामातली उरलीसुरली कोबाल्ट-क्रोमची पूड चढवली. हल्ली ती दाराला अडणी म्हणून वापरतात. पुरस्कारावर खरोखरच काही चढवल्याचं ते मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

अशा माणसाशी संसार कोण करतं, असा प्रश्न पडला असेल तर आमच्या विहीणबाईंची ओळख करून द्यायला हवी. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आवाज असा की वर्गात बसून शाळेच्या फाटकाबाहेरची मुलं गप्प करीत. चालणं त्याहून जबर. सांडोरला त्यांचं घर केळीच्या वाडीत आहे. परसदारी एक लोखंडी फाटक, तिथून वाडीच्या बांधावरून पायवाट निघते आणि थेट देवळाच्या मागे पोचते. विहीणबाई रोज सकाळी त्या वाटेनं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जात; चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. व्याही रविवारी त्यांच्याबरोबर निघत आणि देवळात पोचेपर्यंत दोन वाड्या मागे पडत. त्या घरातलं सगळं लोखंड ठणठणीत आहे. खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाकीचा जिना, कोयत्याचं पातं, सगळं नुकतंच न्हाऊन आल्यासारखं. फक्त परसदारचं ते फाटक तेवढं खालच्या बिजागरीत गंजलेलं आणि उघडताना 'कुर्रर्र' असं ओरडणारं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "व्याही, हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?" "ते असू द्या," ते म्हणाले, आणि विषय लेसरच्या तोटीवर नेला. मला बरंच वाटलं. व्याही सर्वगुणसंपन्न असला की पुढे जड जातं.

त्या फाटकानं एकदा व्याह्यांना वाचवलं होतं, किंवा वाचवण्याचा प्रयत्न तरी केला होता. ही पूड अगदी कोरडी असावी लागते, ओलसर झाली की चढवलेल्या थरात बारीक भोकं राहतात. एका डिसेंबरात गाळ्यातली पूड सुकवायची भट्टी बिघडली, आणि एक घाईचं काम डोक्यावर होतं. व्याह्यांच्या मनात आलं की घरी ओव्हन आहे. तो ओव्हन विहीणबाईंचा, आणि महिना नाताळचा. पहिले केक भाजून टेबलावर निवत ठेवले होते आणि त्या गाण्यांच्या तालमीला देवळात गेल्या होत्या. व्याह्यांनी स्टीलच्या ताटांत पूड पसरून आत सरकवली. तेवढ्यात परसदारी कुर्रर्र झालं. त्यांनी घाईघाईनं ताट बाहेर ओढलं, आणि राखाडी ढग केकांवर अलगद उतरला. विहीणबाई आत आल्या तेव्हा व्याही केकांवरून लोहचुंबक फिरवीत होते.

"काय चाललंय?"

"काही नाही. असलीच तर निघेल."

"तुमची ती पूड लोहचुंबकाला चिकटत नाही, हे तुम्हीच मला लग्नाच्या वाढदिवशी तासभर समजावलंय."

व्याह्यांनी लोहचुंबक खिशात ठेवला. त्या वर्षी त्या घरात पहिल्यांदा विकतचा केक आला, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विहीणबाईंनी त्याचं कारण सांगितलं. ओव्हन कायमचा गाळ्यात गेला आणि घरी नवा आला. जुन्या ओव्हनमध्ये आजही पूड सुकते. गाळ्यात शिरलं की गरम पोलादाच्या वासात मधूनच व्हॅनिलाचा वास येतो. गिऱ्हाइकं अचंब्यानं हुंगतात, पण विचारायचं धाडस कोणी करीत नाही.

विहीणबाईंचा उजवा गुडघा दुखायला लागला तो त्यानंतरच्या वर्षी. आधी त्या नुसत्या सावकाश चालू लागल्या. त्यांच्या बाबतीत सावकाश म्हणजे इतरांइतक्या. मग बांधावरची वाट सुटली. मग देवळात गुडघे टेकणं सुटलं. व्याही त्यांना गाडीतून पुढच्या रस्त्यानं न्यायचे आणि त्या दाराजवळ, म्हाताऱ्यांसाठी मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. ज्या बाईनं निम्म्या गावाला रांगेत उभं राहायला शिकवलं, ती मिस्सा संपल्यावर सगळे बाहेर पडेपर्यंत बसून राहायची, कारण उठताना कोणी बघू नये. परसदारचं फाटक बंदच राहिलं. एक्स-रे काढला तेव्हा व्याह्यांनी तो खिडकीशी धरून दांडा वाचावा तसा वाचला. "आतल्या बाजूनं झिजलंय. लाइन बाहेर गेली आहे. म्हणून भार एकीकडे येतो." डॉक्टरांनीही नेमकं तेच सांगितलं. फक्त पुढे एक वाक्य जोडलं: "गुडघा बदलावा लागेल."

बदलावा लागेल! व्याह्यांसमोर हा शब्द काढायला नको होता. त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला, विहीणबाईंना गाडीत घातलं आणि घरी आणलं. नंतरची दोन वर्षं त्या गुडघ्यावर तेलं झाली, लेप झाले, पट्टे झाले, केरळहून आलेला एक काळा काढा झाला. व्याह्यांनी स्वतः एक आधार बनवला, दोन्ही बाजूंना बेअरिंग, स्टेनलेस स्टील, कडा अशा गुळगुळीत की बोट फिरवत बसावं. तो बांधून चालायला आधी व्यायामशाळेत जावं लागलं असतं. आम्ही कोणी काही बोललो की त्यांचं उत्तर ठरलेलं, "देवानं दिलेला भाग आहे. काढून फेकायचा काय? काहीतरी भरता येईल." मी त्यांना समजावण्यासाठी ग्रंथालयातल्या सवयीनं माहिती गोळा करून नेली. त्यांनी ती लक्षपूर्वक वाचली आणि छपाईतल्या चुका दाखवल्या. हट्ट म्हणावा तर त्यात त्यांचा काही फायदा नव्हता. स्वयंपाक, कपडे, बाजार सगळं ते करायला लागले होते. भांडी तर इतकी घासत की त्यांत चेहरा दिसे. आता मला वाटतं, ते भ्यायले होते. आयुष्यभर त्यांनी झिजलेल्या गोष्टी फेकून देण्यापासून वाचवल्या होत्या, आणि घरातल्या सगळ्यात मोलाच्या माणसाबद्दल कोणीतरी 'काढून टाकू' म्हणालं होतं.

स्फोट झाला तो आमच्याकडे, बोळिंजला. नातवाचा वाढदिवस होता आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट नेहमीप्रमाणे उद्घाटनानंतर विश्रांती घेत होती. विहीणबाई दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या आणि जिन्यातच बसल्या. वर फुगे लागले होते, गाणं सुरू झालं होतं. मी पाणी घेऊन खाली गेलो. व्याही त्यांच्या शेजारी पायरीवर बसून जिन्याच्या कठड्याकडे बघत होते, आणि सवयीनं त्यांचा हात काचपेपरासाठी खिशात गेला. विहीणबाईंनी तो हात बघितला.

"घासा," त्या म्हणाल्या. "कठडा घासा आधी. मी बसते."

"तसं नव्हे गं—"

"तुमच्या गाळ्यात भंगारातला तुकडा आला तर आठवड्यात त्याला नवं कातडं मिळतं. मी दोन वर्षं रांगेत उभी आहे. उभी कसली, बसलेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्याही, ह्यांना सांगा, मला बांधावरून मिस्साला जायचंय. माझ्या पायानं. गाडीतून मेल्यावर नेलं तरी चालेल."

वरून टाळ्या ऐकू आल्या. केक आमच्याशिवायच कापला गेला. व्याह्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि ते म्हणाले, "उद्या विचारून तर येऊ."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मीही गेलो, दोघांच्या मध्ये बसायला कोणीतरी हवं म्हणून. बाहेरच्या भिंतीवर डॉक्टरांचे इतके पुरस्कार टांगलेले होते की मला उगाच शंका आली. पण आत निघाला एक तरुण, शांत, झोप कमी झालेला माणूस. व्याह्यांनी रुमालात बांधून गाळ्यातला एक दांड्याचा तुकडा आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, हे असं करता येत नाही का? आतलं ठेवून वरचं भरायचं?"

डॉक्टरांनी तो तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला. मग खणातून प्लास्टिकच्या हाडांचा सांधा काढला आणि शेजारी धातूची एक चकचकीत वाटोळी टोपी ठेवली. "काका, 'बदलणं' असं आम्ही म्हणतो, पण गुडघा कोणी काढून फेकत नाही. तुमचं हाड जागच्या जागी राहतं. झिजलेला थर तेवढा तासायचा आणि वर ही टोपी बसवायची. खालच्या हाडावर दुसरी, आणि मध्ये प्लास्टिकची गादी. लाइनही सरळ होते."

व्याह्यांनी भिंग काढलं. टोपी उजेडात धरली. नख चालवलं. काहीच वर आलं नाही. पुन्हा चालवलं.

"कोबाल्ट-क्रोम?" त्यांनी विचारलं.

"हो," डॉक्टर चकित होऊन म्हणाले.

"म्हणजे भराईच की."

"काय?"

"हो म्हणा, डॉक्टर," विहीणबाई म्हणाल्या. "काय ते नंतर विचारा. आधी हो म्हणा."

डॉक्टर हो म्हणाले. पण व्याही एवढ्यावर सोडणारे नव्हते. तळाला पकड कशी देता, हा पुढचा प्रश्न. हाडाला लावायचं एक प्रकारचं सिमेंट असतं, असं उत्तर मिळाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "सिमेंट? वितळवत नाही?" "माणसाचं हाड आहे, काका." ते त्यांनी नाइलाजानं मान्य केलं. मग ऑपरेशनच्या खोलीत हवेत ओलावा किती असतो, हे विचारलं. डॉक्टरांनी अंदाजे सांगितलं. "आमच्या गाळ्यापेक्षा बरा आहे," व्याही म्हणाले. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला. "चालेल किती?"

"नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं सहज."

व्याह्यांनी टोपी रुमालानं पुसून, दोन्ही हातांनी परत ठेवली. मनातल्या मनात त्यांनी कसलीशी बेरीज केली असावी. "पुरे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा टिकाऊ आहे."

विहीणबाईंनी टेबलावरचा दांड्याचा तुकडा उचलून पिशवीत टाकला आणि उठायला माझा हात मागितला.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर ऑक्सिजनच्या सिलिंडरची एक ढकलगाडी उभी होती. तिच्या चाकांवर, दांड्यांवर, हातधरणीवर लालसर गंज चढलेला, एके ठिकाणी तर पापुद्रे सुटलेले. मी सारखा व्याह्यांकडे बघत होतो की आता ते उठतील, भिंग काढतील, कोणा वॉर्डबॉयला गाठून बोलतील. ते हलले नाहीत. ती गाडी त्यांच्या गुडघ्याला जवळजवळ टेकली होती, आणि ती त्यांना दिसलीच नाही. काचपेपर खिशातच राहिला. ह्या माणसाच्या भीतीचं ह्याहून मोठं माप माझ्याजवळ नाही. आतून डॉक्टर हसत बाहेर आले तेव्हा व्याही उभे राहिले, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि मग, तेव्हा कुठे, खाली बघून म्हणाले, "ह्या गाडीवर तो आलाय. लक्ष द्या."

विहीणबाई आधी वॉकरनं चालल्या, मग काठीनं, मग काठी हातात धरून पण टेकवायची नाही अशा. घरातल्या घरात त्यांना चालवताना व्याही कान लावून ऐकत, आणि त्या "ऐकू नका हो, खडखडत नाहीये" म्हणत. एका शनिवारी दुपारी मी सांडोरला गेलो तर व्याही परसदारी फाटकापाशी उकिडवे बसलेले. दोन वर्षांहून जास्त काळ न उघडलेली ती बिजागरी पार धरली होती. त्यांनी घासलं, तेल सोडलं, फाटक हलवलं. ते बिनबोभाट उघडलं. माझ्या मते काम झालं होतं. व्याही मात्र नाखूश दिसले. त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवून बिजागरीतलं तेल पुसून काढलं, पुन्हा हलवलं, पुन्हा पुसलं. शेवटी बारीकशी कुर्रर्र झाली. त्यांनी आणखी एकदा उघडून ऐकली आणि समाधानानं फडकं पिळलं. मी केळीआडून मागच्या मागे फिरलो आणि पुढच्या दारानं, खोकत, घरात आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. व्याही आणि मी आदल्या संध्याकाळीच मिस्साला जाऊन आलो होतो. विहीणबाई एकट्या बांधावरून गेल्या होत्या, कोणी बरोबर यायचं नाही असा हुकूम होता. आम्ही ओट्यावर बसलो. व्याही मला नव्या तोटीबद्दल सांगत होते, तिच्यातून पूड कशी सगळ्या बाजूंनी सारखी पडते, पूर्वी कशी एका अंगाला जास्त जायची. देवळाची घंटा होऊन बराच वेळ झाला होता. त्यांचं वाक्य लांबत चाललं होतं, शब्द मधेच गळत होते. "पूर्वीच्या तोटीला काय व्हायचं..." ते म्हणाले आणि थांबले. पश्चिमेकडून वारा सुटला होता, केळीची पानं फडफडत होती, आणि त्यात दुसरं काही ऐकू येणं कठीण होतं.

कुर्रर्र.

"...एका अंगाला झुकायची," व्याह्यांनी वाक्य पुरं केलं आणि चहाचा कप उचलला.

विहीणबाई पदरानं कपाळ पुसत ओट्यापर्यंत आल्या. दम लागला होता, पण चेहरा शाळा सुटल्यासारखा. "अहो, किती वेळा सांगू," त्या म्हणाल्या, "त्या फाटकाला तेल घाला एकदा. सगळ्या वाडीला कळतं मी आले ते."

"घालतो," व्याही म्हणाले.

त्यालाही आता बरेच महिने झाले. अजून घातलेलं नाही, आणि मीही आठवण करीत नाही. समुद्राशी जन्माचं वैर धरलेल्या ह्या माणसानं आपल्या घरातली एक बिजागरी त्याला राजीखुशीनं देऊन टाकली आहे.